तिसरं मत

लग्नाला तीस वर्षं होत आली तरी माझं सासर आणि माझं माहेर कधी एका मतदार यादीत आलं नव्हतं. सासर बेलवलीत, माहेर सोनिवलीच्या पलीकडच्या पाड्यावर. रिक्षाने गेलं तर जेमतेम वीस मिनिटं. पण दोन्हींचे वॉर्ड वेगळे, नगरसेवक वेगळे, भांडणंही वेगळी. मी इकडची सून आणि तिकडची लेक, आणि मधल्या रस्त्यावर दोन्ही सोडून फक्त प्रवासी, असं बरं चाललं होतं. मग कित्येक वर्षं लांबलेली निवडणूक एकदाची लागली आणि कोणीतरी नकाशावर नवी रेघ ओढली. आमची बेलवलीची गल्ली, मधले ते नवे टॉवर आणि माझ्या माहेरचा पाडा, सगळं मिळून एक नवा प्रभाग झाला. पेपरात त्याच्या सीमा छापून आल्या होत्या. उत्तरेला अमुक नाला, पूर्वेला अमुक रस्ता. मी त्या चारदा वाचल्या आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

या प्रभागात नगरसेवक दोन. म्हणजे एक मत नगराध्यक्षाला, एक 'अ' जागेला आणि तिसरं 'ब' जागेला. आमची 'ब' जागा सोडतीत महिलांसाठी राखीव निघाली, आणि तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिली उभी राहिली ती माझी वहिनी, दादाची बायको. आईवडील गेल्यावर माहेर हे वहिनीच्या हातात असतं. तिने दार उघडलं तर माहेर, नाहीतर नुसतं गाव. माझ्या वहिनीने ते दार कधी लोटूनसुद्धा घेतलं नाही. माझं दुसरं बाळंतपण तिने केलं, तेही स्वतःला सातवा महिना असताना. आजही मी गेले की ती आधी माझ्या आवडीची सुकी मासळी चुलीवर टाकते आणि मग कशी आहेस म्हणून विचारते. ती राजकारणातली बाई नव्हे. पण पाड्यावर पाणी दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढ्या धारेने, आणि समोरच्या टॉवरच्या बागेत मात्र रोज फवारे उडतात. ते बघून बघून तिचं डोकं फिरलं होतं.

"बाय, मना कोनाशी भांडाचं नाय," ती मला म्हणाली. "पाड्यावर पानी आलं पायजे, येवढाच हाय. नंतर त्यांनी मना घरी बसवली तरी चालंल."

आमच्या पाड्यावर मत कोणाला द्यायचं याचा शब्द गावदेवीच्या देवळात घेतात. मध्ये नारळ ठेवतात आणि प्रत्येक घरातलं माणूस येऊन त्यावर हात ठेवतं. त्याला लग्न होऊन गेलेल्या लेकींना बोलावत नाहीत. त्या परक्या घरच्या. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि लग्नानंतर प्रत्येक वेळी मला त्याचा राग यायचा. या वेळी मात्र एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या नावाचा पुकारा केला. "लेक दिली म्हनून काय झाला? नाव आपल्याच यादीत हाय ना आता? ये गो, ठेव हात."

मी ठेवला. विचार वगैरे काही केला नाही. इतक्या वर्षांनी आपल्याला मोजलं याचंच मला भरून आलं होतं. डोळ्यांत पाणी येऊन मी त्या नारळावर हात ठेवला आणि रिक्षात बसून गाणं गुणगुणत घरी आले. आता वाटतं, जरा थांबायला काय झालं होतं?

पुढच्या आठवड्यात माझे मोठे दीर पेढ्यांचा पुडा घेऊन वर आले. आम्ही एकाच घरात राहतो, ते खाली आणि आम्ही वर. नगरसेवक व्हायचं हे त्यांचं जुनं स्वप्न. जागा महिलांना गेली तेव्हा दोन दिवस ते कोणाशी बोलले नव्हते. आता पक्षाने तिकीट दिलं होतं, माझ्या मोठ्या जाऊबाईंना. जाऊबाई दारात उभ्या होत्या. तोंडात पेढा आणि डोळ्यांत भीती.

"मला भाषण करायला लावणार का गं हे?" त्यांनी हळूच विचारलं.

मला हसावं की रडावं कळेना. बाई स्वभावाने गरीब. भिशीतसुद्धा त्यांचा नंबर दुसरीच कोणीतरी पुढे करून घेते. त्यांच्यावर मला रागवताही येईना. नवऱ्याने मात्र पेढा खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या वहिनींना सांगून बघ ना, फॉर्म मागे घेतात का."

"तूच सांग तुझ्या दादाला," मी म्हटलं. तो लगेच टीव्हीचा आवाज वाढवायला गेला.

मग सुरू झाला तो महिना. संध्याकाळी कामावरून आले की खालच्या मजल्यावर हळदीकुंकू, त्यात मी यजमानीण. येणाऱ्या बायकांना तिळगुळाची पुडी आणि जाऊबाईंचं पत्रक द्यायचं काम माझ्याकडे. रात्री पाड्यावरून फोन. "बाय, तुमच्या गल्लीत आपली किती घरं हायत?" मी दोन्हीकडे हो म्हणत होते. खोटं बोलत होते असंही म्हणवत नाही, कारण ज्या घरात असेन तिथे मला ते खरंच वाटायचं. खाली जाऊबाई पत्रकावरचा स्वतःचा फोटो बघून दचकल्या की वाटायचं, हिला पडू द्यायचं नाही. पाड्यावर वहिनीच्या दारातले रिकामे हंडे बघितले की वाटायचं, माझं मत दुसऱ्या कोणाला जाणंच शक्य नाही. मधल्या वीस मिनिटांच्या रिक्षात मात्र मी कोणाचाच फोन उचलत नसे.

मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. तयार पँट उलटी करायची, लोंबणारे धागे कापायचे, शिलाई सुटली असेल तर खडूने खूण करायची. त्या दिवसांत मी धडधडीत चांगल्या पँटींवर खुणा करत होते. शेठच्या ते लक्षात आलं, त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. सिंधी माणूस, सत्तरीचा, गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही हे त्यांचं आयुष्यभराचं तंत्र.

"दीदी, दोनों को हाँ बोलो," ते म्हणाले. "अंदर कौन देखता है?"

"मी बघते ना शेठ," मी म्हटलं. त्यावर त्यांनी पँटींचा तो गठ्ठा दुसऱ्या मुलीकडे दिला.

तिथल्याच शिलाईवाल्या एकीने मला तोडगा सांगितला. 'ब' जागेचं तिसरं बटण दाबायचंच नाही. दोन मतं द्यायची आणि सरळ बाहेर यायचं. कोणाला कळणार? मला हे इतकं पटलं की त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. ना वहिनीला, ना जाऊबाईंना. माझी मीच न्यायाधीश झाले होते आणि स्वतःलाच निर्दोष सोडत होते.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत शिरले आणि आधी दिसला तो दादा. उमेदवारांची माणसं आत बसतात, यादीवर खुणा करायला. बेलवलीत वहिनीला ओळखणारं दुसरं कोण होतं? म्हणून दादा स्वतःच माझ्या बूथवर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. त्याच बाकावर हातभर अंतरावर माझे दीर. सकाळपासून शेजारी बसून दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नसावं. मला बघून दोघेही हसले. दोघांचंही हसू एकच सांगत होतं, की आलं आपलं मत.

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. नगराध्यक्षाचं बटण दाबलं, 'अ' जागेचं दाबलं. मशीनवरच्या 'ब'च्या कागदाकडे बघितलंच नाही. पदर सारखा केला आणि मान खाली घालून दाराकडे निघाले.

"ओ मॅडम!" टेबलामागचे साहेब ओरडले. "मशीन वाजलं नाही. एक मत राहिलंय तुमचं."

तिन्ही मतं पडल्याशिवाय ते मशीन शिट्टी देत नाही, हे मला त्या शिलाईवालीने सांगितलं नव्हतं. बहुतेक तिलाही माहीत नसावं. माझ्याआधी सकाळपासून कितीतरी म्हाताऱ्यांना साहेबांनी असंच परत पाठवलं असणार आणि खोलीतल्या लोकांना त्याचं काहीच नवल नव्हतं. पण दादाने यादीतून मान वर केली. दिरांनीही केली. दोन मतं पडली आणि एक अडकलं. कुठलं अडकलं हे त्या दोघांना कोणी सांगायला नको होतं. मला तिथेच जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"जा परत, घाबरू नका," साहेब म्हणाले.

परत गेले. आता कागद समोर होता. जाऊबाईंचं नाव वरून दुसरं, वहिनीचं चौथं आणि पुढे तिचं चिन्ह, पंखा. मागे बाकावर माझा भाऊ आणि माझा दीर माझ्या पाठीकडे बघत असणार. आई असती तर तिने काय सांगितलं असतं, हे आठवायचा मी प्रयत्न केला, पण आईने उभ्या जन्मात कधी स्वतःच्या मनाने मत दिलं नव्हतं. शेवटी मी डोळे घट्ट मिटले, बोट बटणांवरून फिरवलं आणि दाबलं. लांबलचक शिट्टी वाजली. लाल दिवा कुठे लागला ते बघायला नको म्हणून डोळे मिटूनच वळले आणि पुठ्ठ्याला धडकले. नोटा नावाचं एक बटण असतं आणि ते अशाच वेळी दाबायचं असतं, हे मला बाहेर आल्यावर शेजारणीकडून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही घरांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि दोन्हीकडे मी खरं तेच सांगितलं. मला माहीत नाही. दीर म्हणाले, "बरं बरं." नवऱ्याला वाटलं मी त्याच्यापासून लपवतेय. जाऊबाईंनी तेवढं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "मी माझं बरोबर दाबलं का, याचीच मला खात्री नाही गं."

निकाल लागला तेव्हा दोघीही पडल्या होत्या. टॉवरमधली एक मुलगी निवडून आली, जिचं नावही आमच्याकडे कोणी घेतलं नव्हतं. जाऊबाई दुसऱ्या आल्या. त्या दिवशी त्यांनी दोन वेळचा स्वयंपाक मन लावून केला आणि संध्याकाळी गॅलरीत शांत बसलेल्या दिसल्या. सुटल्या बिचाऱ्या. मलाही वाटलं, आपणही सुटलो. दोघी पडल्या म्हणजे माझ्या मताने कोणाचं काही अडलं नाही. या समाधानात मी चार दिवस काढले आणि रविवारी पाड्यावर गेले.

दादा ओट्यावर होता. वहिनीने पाणी दिलं, समोर बसली, कशी आहेस विचारलं. चुलीवर काही नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग दादाने शर्टाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मोजणीच्या वेळी त्याने प्रत्येक मशीनचे आकडे उतरवून घेतले होते. प्रत्येक बूथचे वेगळे. हे असं वेगळं कळतं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. दादाचं अक्षर शाळेपासून सुंदर. बेलवलीची शाळा, खोली नंबर दोन, म्हणजे माझंच बूथ. त्यापुढे वहिनीच्या नावाखाली त्याने गोल शून्य काढलं होतं.

मी त्या शून्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी नक्की कळलं होतं.

"वहिनी, आईशपथ," मी म्हटलं, "मी डोळे मिटले होते गं. मला खरंच माहीत नव्हतं कुठे दाबलं ते. मी जाऊबाईंना दिलं असंही नाही. मी डोळे मिटले होते."

वहिनी रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, रडले असते आणि आमचं मिटलं असतं. तिने कागदाची घडी परत घातली आणि दादाकडे दिली.

"मना दुसऱ्या कोनी मत नाय दिलं त्याचा काय नाय, बाय," ती म्हणाली. "पन माझा नाव समोर असताना तुला डोले कशाला मिटाला लागले?"

दादा उठून आत गेला. रस्त्यावर रिक्षा येऊन थांबली, हॉर्न देऊन निघून गेली, तरी मी ओट्यावर बसूनच होते. उठून कुठल्या घरी जायचं, ते त्या घटकेला मला खरंच कळत नव्हतं.