दोघींची तपासणी
फिनेलचा वास आला की मला जिल्ह्याच्या दवाखान्यातली ती खोली आठवते. शाळेत माझ्या मुलीला सगळे ‘ढ’ म्हणायचे, म्हणून पोलादपूरहून पहाटेची एसटी धरून मी आणि तिचे पप्पा तिला वाचनाच्या तपासणीला घेऊन गेलो होतो. तपासणाऱ्या बाईंनी तिच्यापुढे एक धडा ठेवला. तिनं ‘घार’चं ‘धार’ वाचलं, एक ओळ गाळली, घामाघूम झाली. मागे बसून मीही मनात तोच धडा वाचत होते आणि नेमकी तिथंच अडखळत होते. याच अडखळण्यापायी मी छड्या खाल्ल्या होत्या आणि सातवीत माझी शाळा सुटली होती. मी उठून म्हटलं, “बाई, माझीपण तपासणी करा.” तिचे पप्पा हसले, “तुला आता कुठं परीक्षेला बसायचं हाय?” “नाय बसायचं,” मी म्हटलं, “पण मी ढ नव्हते, हे मला कागदावर पायजे.” बाईंनी दुसरा कागद काढला. दोघींनाही डिस्लेक्सिया निघाला. मुलीला परीक्षेत जादा वेळ मिळाला आणि दर शनिवारी महाडच्या शिकवणीत आम्ही मायलेकी एका बाकावर बसू लागलो. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. चार दिवस लागले. लागू देत.