साडूंचा समुद्र, माझं शेततळं

उभ्या खानदेशात समुद्राच्या लाटांनी झपाटलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा साडू. फैजपूरकडे कॉलेजात शिकवायचे, पन्नाशीत पीएच.डी. करायला घेतली, आणि विषय काय, तर समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्या लाटांवर कशा डोलतील याचं गणित! समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. पण आमच्या बंगईवर कुणी बसलं की त्याला धक्का देऊन घड्याळात झोके मोजायचे. चहा दिला की कप आधी हलवून बघायचे. सासूबाईंनी एकदा घाबरून विचारलं, "काही पडलंय का त्यात?" तर म्हणाले, "नाही, लाट बघतोय."

प्रबंधाला शेवटची मुदतवाढ मिळाली आणि साडू रावेरला माझ्या शेततळ्यावर उतरले. केळीचं पाणी ते! त्यात यांनी पाइप आणि डब्यांची पवनचक्की तरंगवली, चार दोरांनी तळाच्या दगडांना बांधली. या काठाने फळी हलवून लाटा काढायच्या, आणि त्या उलट फिरू नयेत म्हणून पलीकडच्या काठावर माझेच केळीचे खांब रचायचे. माझा सगळा जीव तळ्याच्या तळाशी अंथरलेल्या प्लास्टिकमध्ये. "दोर घासून भोक पडलं तर तोंड बघणार नाही तुमचं," असं मी रोज बजावायचो.

तीन महिने झाले तरी तळं आणि गणित जुळेना. कॉम्प्युटरात पवनचक्की संथ डोलायची, तळ्यात हिसके खायची. साडूंचं जेवण तुटलं. मुदत आठवड्यावर आली तेव्हा आमचे सालदार नाना, मूळचे पिंपळनेरकडचे, काठावरून म्हणाले, "भाऊ, दावं आखूड शे. ढोर हिसका मारीच ना! जरा सैल सोडा."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. गणितात दोर ढिलेच होते. तळ्यात ते तळाला घासू नयेत म्हणून ताणून बांधले होते, माझ्या प्लास्टिकसाठी, माझ्या कटकटीपायी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच टायरची ट्यूब घेऊन पाण्यात उतरलो आणि दोर सैल केले. दुपारपर्यंत आकडे जुळले. चूक कुणाची होती, हे साडूंनी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

पदवी मिळाली आणि किनाऱ्यावरच्या एका संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. पहिल्यांदा समुद्र पाहून त्यांनी मला फोन केला. "साडूभाऊ, इथं फळी कुणी हलवत नाही, तरी थांबतच नाही हो!"

बंगईवर आता कुणी धक्का देत नाही. खरं सांगतो, करमत नाही. बायको म्हणते, तळ्यातला तो सांगाडा काढा एकदाचा. केळी कापून झाली की काढतो, असं मी सांगतो. आणि केळी आमच्याकडे बारा महिने कापली जाते.