रंग उतरलेलं पुस्तक

साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत बसलो तेव्हाच जीव थाऱ्यावर नव्हता. हाताने रंगवलेल्या चित्रांची जुनी प्रवासाची पुस्तकं जमवायचा मला नाद आहे, आणि त्यापायी न विचारता लोकांना शहाणपण शिकवायची खोडही लागली आहे. दोन वर्षांपूर्वी सांगलीत चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तरांकडे असं एक पुस्तक पाहिलं होतं. कुण्या साहेबाने सह्याद्रीतले घाट हिंडून काढलेली चित्रं. रेघा छापील, रंग मात्र एकेका पानावर हाताने भरलेले. मी मागितलं, मास्तरांनी हसून नाही म्हटलं. मग मी सल्ला दिला, की माळ्यावर पत्र्याची धग लागते, खाली कपाटात ठेवा. त्यांनी ऐकलं. यंदा कृष्णा घरात शिरली. माळ्यावरच्या फाटक्या गोधड्यासुद्धा कोरड्या राहिल्या आणि पुस्तक बुडालं. दिवाळी उलटून गेल्यावर कुठे मला माफी मागायला जायचा धीर झाला.

पेठ नाक्याच्या पुढे उसाची ट्रॉली कलंडली होती, तासभर खोळंबलो. लोक खाली उतरून ऊस मोडून खात होते. मलाही कुणी एक कांडं दिलं, पण गोड लागलं नाही. मास्तरांपुढे काय बोलायचं ते घोकत बसलो होतो.

सांगलीत मास्तरांच्या गल्लीतल्या भिंतींवर छातीइतक्या उंचीवर पुराची रेघ अजून दिसत होती. मी नेलेले कंदी पेढे काकूंनी देवापुढे ठेवले आणि मला भडंग (लसूण-तिखट लावून परतलेले चुरमुरे) दिलं. "आवं, दोन म्हयनं झालं, ह्ये त्या टेबलावरनं उठत न्हाईत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुस्तक आणलं. पानं फुगून वेडीवाकडी झाली होती, गाळाचा वास येत होता. छापील रेघा शाबूत होत्या, जुने रंग पाण्याबरोबर गेले होते. आणि त्या रेघांत मास्तरांनी शाळेतल्या रंगपेटीने सगळी चित्रं नव्याने रंगवली होती. आभाळ निळंशार, डोंगर उसासारखे हिरवेगार. पुरातून जे काही वाचलं होतं, तेही आता संपलं होतं.

"तुमाला लय पायजे हुतं," मास्तर म्हणाले. "म्हणून पुन्यांदा रंगवलं. आता घेऊन जावा."

मी छान झालंय म्हणालो, पण ते तोंडदेखलं होतं. राहू दे तुमच्याकडेच, पुढच्या खेपेला नेईन, असंही म्हणालो. मास्तरांनी सगळा जन्म पोरांची चित्रं तपासण्यात घालवलेला. कोण मनापासून बोलतंय हे त्यांना कळत होतं. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि फडक्यात गुंडाळलं. माझ्या सल्ल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढवला नाही.

रिक्षापर्यंत पोचवायला आले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "राग मानू नगा. हात थरथरतोय आता, त्या जुन्या रंगवणाऱ्यागत रंग न्हाई लागला माज्याच्यानं."

परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. चूक माझी होती, माफी मास्तर मागत होते, आणि मी नुसती मान डोलावून रिक्षात बसलो होतो.