पांढऱ्या बाटलीआधीचे प्रश्न

गंगाखेडच्या आमच्या मेडिकलमध्ये डोकेदुखी लोक ओरडून सांगतात. बद्धकोष्ठता मात्र कानात! त्यामुळे काउंटरवरच्या माझ्या कानात किस्से फार साठलेत. बहुतेक आमच्या फार्मासिस्ट शैलाताईंचे. पोट साफ करणाऱ्या मॅग्नेशियमच्या औषधाची ती दुधासारखी पांढरी बाटली मागितली, की ताईंची उलटतपासणी सुरू. पोटात दुखतंय? उलटी होते? किडनीचा त्रास? दुसऱ्या गोळ्या कोणत्या?

एक जण वैतागून म्हणाला, "ताई, औषध पायजे, सोयरीक न्हाई जमवायची!"

एक ट्रकवाला ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेला. ताई म्हणाल्या, "रात्री घरी घ्या, वर ग्लासभर पाणी. गाडीवर असताना नको." पठ्ठ्यानं कारखान्याच्या रांगेतच घेतलं! दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून हजर. "ताई, रांग हलंना आन् मला थांबवंना!"

पाथरीकडच्या एका मावशींना तर रोज बाटली लागायची. ताईंनी विचारलं, "पाणी किती पिता?"

मावशी लाजल्या. "शेतात बाईमाणसानं जावं कुठं? म्हणून पीतच न्हाई."

हे औषध आतड्यात पाणी ओढतं. अंगातच पाणी नसेल तर उलटं दुखणं. ताईंनी मावशींना डॉक्टरांकडे पाठवलं आणि मावशींच्या मुलाला फोनवर झापून शेतात आडोसा बांधायला लावला! त्या दिवशी मला ताईंचा लय अभिमान वाटला.

पण बापूंचा किस्सा न्याराच. म्हातारा शेतकरी, नाकावर राग, पायांवर सूज. ताईंनी सूज पाहिली. "किडनी तपासलीय?"

"मला काय धाड भरलीय? बाटली द्या!"

"किडनी अधू असली तर मॅग्नेशियम अंगात साठतं, बापू. जिवावर बेतेल. आधी तपासा."

बापू शिव्या देत दुसऱ्या दुकानाकडे निघाले. ताईंनी फोन उचलला आणि बाजारातल्या एकूण एक मेडिकलला सांगून ठेवलं.

बापू भर उन्हात सगळा बाजार फिरले. जातील तिथं एकच उत्तर, "आधी किडनी तपासा!" शेवटी घामाघूम होऊन आमच्याच पायरीवर टेकले. "सगळं गंगाखेड तुमचं माहेर हाय का?"

ताईंनी फोनचं सांगून टाकलं आणि त्यांना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

काही दिवसांनी बापू आले. "किडनी लय बिघडलीय म्हणले डॉक्टर. ती बाटली घेतली असती तर गेलो असतो." मग म्हणाले, "तो फोन काढा. सगळ्या दुकानांत लावा परत."

"आता काय सांगू, बापू?"

"सांगा, बापूनं शिव्या माघारी घेतल्या!"