प्रतापगडच्या वाटेवर उतरलेली हातकडी

गोंदियाहून सुटलेली आगगाडी अर्जुनीला थांबली आणि प्रतापगडच्या शिवरात्रीच्या जत्रेकरूंनी फलाट फुलून गेला. माझ्या उत्साहाला उधाणच आलं. रेंगीत (हलक्या बैलगाडीत) जागा मिळाली, पण शेजारी होता एक शिपाई आणि हात पाठीमागे घेऊन हातकडी घातलेला सोमाजी कोहळी. उसाला पाणी कमी पडलं म्हणून त्यानं पाण्याची पाळी मोडून तलावाचं तुडुम (पाणी सोडायचं दार) उघडलं होतं आणि त्यावरून मारामारी झाली होती.

"जत्रेतल्या चौकीवर नेऊन राहिलो," शिपाई म्हणाला.

सोमाजीचा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. "पोरीचे होणारे सासरे जत्रेत येऊन राहिले. आजच सोयरीक पक्की होते. त्याहिले गळाभेट कशी देऊ?"

मी पडलो वकील, गप्प कसा बसणार? "गुन्हा जामिनाचा, हा पळणारा नाही. मग कडी कशाला?"

"अन् पळाला त माही नोकरी तुमी देता का, वकीलसाहेब?"

तेवढ्यात तलावाच्या बांधावरून उतरताना चाक खड्ड्यात गेलं. मी अन् शिपायानं दांडी धरली. सोमाजी मात्र तोंडावर लाखोरी डाळीच्या शेतात आपटला. मी घाबरून ओरडलोच. त्याचं नाक फुटलं होतं, मनगटं सुजून निळी पडली होती.

"मान मोडली असती तर जबाब कोण देणार होतं?" मी विचारलं.

शिपायाचा चेहरा उतरला. त्यानं किल्ली लावली, पण ती फिरेना, तेव्हा गाडीवानानं चाकाच्या आखाचं वंगण दिलं आणि कडी सुटली. सोमाजी हात चोळत तोंडातली माती थुंकला अन् आधी तोच हसला.

जत्रेत सोयरे समोर आले. सोमाजीनं सारं स्वतःच सांगून टाकलं.

"तुडुमासाठी भांडला?" सोयरे गरजले. "तलाव बांधनाऱ्या कोहळ्याच्या घरचा नाही भांडन, त कोन भांडन? पोरगी आमची!"

अशी कडकडून मिठी पडली की माझे डोळे भरून आले. शिपायाच्याही हातात शिंगाड्याचा शिरा आला. पोरीकडच्यांचा पाहुणा समजून त्याला दोनदा वाढला.

"चाला शिपाईदादा, चौकीवर," सोमाजी म्हणाला.

"थांब ना गा, काऊन घाई करून राहिला? मी खाऊन राहिलो!"

जामीन दुपारीच झाला. परतीच्या गाडीत मी एकटाच हसत होतो. निवाड्याआधी शिक्षा नको, हे कोर्टात मी घसा फोडून सांगतो. त्या दिवशी मात्र सोयऱ्याच्या पाठीवर सुजलेले दोन हात घट्ट जुळलेले पाहिले, आणि मला काहीच बोलावं लागलं नाही.