अंगावरून उतरलेलं कापड

मुलगी बाळंतपणासाठी हडपसरला आमच्याकडे राहायला आली, त्याच आठवड्यात मी दुपटं शिवायला घेतलं. दुपटं म्हणजे बाळापुरती छोटी गोधडी. सगळी हातशिलाई. रोज सकाळचा चहा झाला की मी गॅलरीत चटई टाकून बसते. खाली रस्त्यावर हॉर्नचा कितीही कल्लोळ चालू असला, तरी धावदोऱ्याची एक ओळ पुरी होईपर्यंत तो मला ऐकू येत नाही. सुईवर चार टाके गोळा करायचे आणि दोरा सर्रकन ओढायचा. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, पुष्कळ वाचलं, पण एका जागी स्वस्थ बसण्याचं सुख मला चिंध्यांनी दिलं.

स्वस्थ म्हणते खरी, पण उद्या जांभळ्या तुकड्याशेजारी पोपटी लावायचा की हळदी, या विचारानं मला पहाटेच जाग येते. पांघरूण भिरकावून मी कापडांच्या गाठोड्याकडे धावते. मध्यंतरी ‘शिवणकाम आणि मनःशांती’ या विषयावरच्या एका कार्यक्रमाला गेले होते. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. व्यासपीठावर सुई मात्र कुणाकडेच नव्हती. मनःशांती मिळवायला मी अध्यक्षीय भाषणाच्या आधी घरी आले.

बाळाच्या अंगाखाली पहिल्यांदा नवं कापड घालायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरच्यांच्या अंगावरून उतरलेलं कापडच हवं. जवळच्या प्रत्येक माणसाचा निदान एक तुकडा त्यात असावा. माझी विटकी सुती साडी होती. मुलीचा शाळेतला फ्रॉक सापडला. जावयानं कॉलेजातला टी-शर्ट दिला, तोही जड मनानं. विहीणबाईंनी अमरावतीहून आपलं एक लुगडं पाठवलं आणि त्याच्या घडीत व्याह्यांच्या जुन्या सदऱ्याची बाही.

ती बाही माझ्या नवऱ्यानं पाहिली आणि विचारलं, “माझं काय घातलंस?”

“अजून काही नाही. अहो, तुमचं जुनं कापड आहे कुठं घरात?”

खरंच नव्हतं. नवरा प्राचार्य म्हणून निवृत्त झाला. कॉलर जरा विरली की शर्ट बाद. बाद झालेले शर्ट बोहारणीकडे जायचे आणि त्यांच्या बदल्यात घरात डबे यायचे. माझी फडताळं त्याच्या शर्टांनी भरलेली आहेत, फक्त ते आता स्टीलचे आहेत.

तो आत गेला आणि एक लालभडक शाल घेऊन आला. सत्काराच्या शालींनी त्याच्या कपाटाचा अख्खा खण भरला आहे. या शहरात माणूस चार लोकांसमोर उभा राहिला की त्याला कोणीतरी शाल पांघरतंच. शालीवरची प्लॅस्टिकची पिशवी त्यानं माझ्यासमोर काढली.

“ही मधोमध लाव,” तो म्हणाला. “नातवंड मोठं झालं की विचारेल.”

“काय विचारेल? टोचतंय काय म्हणून? शिवाय ही वापरलेली नाही. रीतीत बसत नाही.”

“खांद्यावर घेतली होती की.”

“फोटो निघेपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आला तो शाल पांघरून. पुण्यातला एप्रिल होता.

“हे काय?”

“वापरतोय,” तो म्हणाला.

आणि वापरलीच त्यानं. पेपर वाचताना, भाजी आणताना, दुपारी पंख्याखाली. जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, “सर, ताप आलाय की सत्कार आहे?”

“शाल जुनी करतोय,” नवरा म्हणाला. काकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मुलगी आतल्या खोलीतून हिंजवडीच्या ऑफिसचं काम करत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “आई, बाबांना सांग ना, मीटिंगमध्ये मागून फिरू नका. माझा मॅनेजर विचारतोय, घरी काही फंक्शन आहे का.”

रोज संध्याकाळी तो शाल स्वतः बादलीत धुवायचा. तिचा रंग गेला, जरीची किनार उसवली, पण मऊपणा काही येईना. वाळली की मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघायचा आणि म्हणायचा, “अजून टोचते.” पहिले दोन-तीन दिवस मी हसले. नंतर हसू येईना. सगळ्यांचे तुकडे बसले होते, परक्या घरचे व्याहीसुद्धा दुपट्यात आले होते आणि हा माणूस बाहेर राहिला होता.

डॉक्टरांनी आता कधीही म्हणून सांगितलं. गोधडी कडेकडेनं सुरू करून आत आत शिवत न्यायची असते. माझी आता तळहाताएवढी मधली जागा तेवढी उरली होती. मी मुद्दाम बारीक टाके घालत होते, घातलेले उसवत होते. बाळ आधी येतंय की नवऱ्याचा तुकडा, एवढाच प्रश्न होता.

एका दुपारी उकाडा असह्य झाला आणि त्यानं शाल बाजूला टाकली. आत मलमलचा सदरा होता. हा एकच जुना सदरा त्यानं बोहारणीपासून राखलाय, मीही तो विसरले होते; बाहेरच्या कुणाला तो दिसू देत नाही, बेल वाजली की आधी आत पळतो. शालीच्या आडोशानं तो इतके दिवस राजरोस वावरत होता. मी त्या सदऱ्याकडे पाहिलं. मी पाहतेय हे त्यानं पाहिलं.

“हा नाही,” तो म्हणाला.

“का?”

“पाठीला भोक आहे.”

“भोक सोडून घेऊ.”

“व्याही काय म्हणतील?”

“त्यांनी तर नुसती बाही पाठवलीय. उरलेल्या सदऱ्याचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजा.”

मुलगी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. हळूहळू चालत आली आणि तिनं बाबांच्या बाहीला गाल लावला. “काय मऊ आहे हो, बाबा,” एवढंच म्हणाली.

तो उठून आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि दोन्ही हातांवर सदऱ्याची चौपदरी घडी. व्यासपीठावर शाल देतात तशी ती त्यानं माझ्यासमोर धरली. मीही नकळत दोन्ही हात पुढे केले.

मी पोटाकडचा भाग कापला आणि मधोमध मांडला. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. पण सभोवतीचे सगळे रंग त्यामुळे एकदम उजळले आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. तो चटईवर समोर येऊन बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला, आणि तुकड्याचं एक टोक त्यानं बोटानं दाबून धरलं. मी सुई ओवली. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

“सरळ शिव,” तो म्हणाला. “मधला आहे.”