वहूंची वकील

रळियात सासरहून परत आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. सात वर्षांत मूल झालं नाही, म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला पत्र्याच्या पेटीसकट एसटीत बसवून दिलं. माहेरी आईने कारण विचारलं नाही. बाजरीचा रोटला थापता थापता म्हणाली, "हात धू. ताक गार आहे तोवर जेव." त्या दिवसाचा तो रोटला अजून अंगाला लागलाय, असं रळियात आजही सांगते. गावाला मात्र तोंडी लावायला तिच्या नावाची चटणी वर्षभर पुरली.

पण टाकून दिलेल्या लेकीला एक गोष्ट फुकटात मिळते. ती गावची लेक असते. आमच्या वडगाळा गावात सून घुंघट हनुवटीपर्यंत ओढते, वडीलधाऱ्या पुरुषासमोर बोलत नाही. फारच नड असली तर शेजारी बसलेल्या बाईला सांगते, ती बाई पुरुषाला सांगते. सुनेचं बोलणं तीन हातांवरच्या सासऱ्याला लख्ख ऐकू गेलेलं असतं, पण मधल्या बाईने सांगेपर्यंत ते त्याने ऐकलेलं नसतं. लेकीला असलं काही नाही. ती उघड्या तोंडाने चावडीवर जाते आणि सरपंचाला काका म्हणून भांडते.

रळियात भांडली. सुना कानात सांगायच्या, ती चावडीवर सांगायची. मुलींच्या शाळेला संडास हवा, दवाखान्याची नर्सबाई महिन्यातून दोनदा यायला हवी, वांकरवासातला, विणकरांच्या वस्तीतला, दिवा लागायला हवा. अकरा वर्षांत यातलं बरंचसं झालं. पुरुष तिला 'वहूंची वकील', म्हणजे सुनांची वकील, म्हणून चिडवायचे. ती वरवर रागवायची आणि आतून फुलायची.

मग नळ आला. गावाला एकच सार्वजनिक नळ मंजूर झाला होता. तोवर बायका अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून दोन दोन हंडे आणत होत्या. ग्रामसभेत रळियात तावातावाने उभी राहिली. "नळ गावाच्या मधोमध हवा, चावडीपुढे. सगळ्यांना सारखाच जवळ."

सरपंच रामसंगकाका एरवी तिच्या प्रत्येक मागणीला फाटे फोडायचे. या वेळी एका दमात म्हणाले, "कबूल." तिथेच तिला शंका यायला हवी होती. ती तर घरोघर गूळ वाटत सुटली.

सुनांनी गूळ घेतला, खाल्ला, आणि पुन्हा कामाला लागल्या. तिची भावजय कंकू चुलीपुढे बसली होती. जाळ सारत म्हणाली, "चांगलं केलंत, बेन."

"अशी का बोलतेस, भाभी? कडू होता का गूळ?"

"गूळ गोडच आहे. चावडीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोण बसतं?"

"सगळे म्हातारे. आणखी कोण?"

"आमचे सासरे, जेठ. त्यांच्यासमोर घुंघटात हंडा भरायचा, घुंघटात दोन हंडे डोक्यावर चढवायचे, वर नंबरासाठी तोंड उघडायचं नाही. विहीर लांब आहे, पण तिथे तोंडाला वारा तरी लागतो. दोन शब्द बोलता येतात. तुमच्या नळावर सरपंचांच्या म्हशी पाणी पितील, बेन. आम्ही विहिरीवरच जाणार."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलंत कधी? आमच्या वतीने बोलता, पण आमच्या घुंघटातून एकदा तरी बघितलंत?"

रळियातला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंकूची ओढणी घेतली, हनुवटीपर्यंत घुंघट ओढला, डोक्यावर चुंबळ ठेवून विहिरीवरून भरून आणलेले दोन हंडे चढवले आणि निघाली चावडीकडे. लिंबाच्या पाराशी दगड होता, जन्मापासून पाहिलेला. त्यालाच ठेच लागली. हंडे गडगडत म्हाताऱ्यांच्या पायांशी गेले. "अरे, ही कुणाची वहू?" कुणीतरी ओरडलं. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, तर आवाजच निघेना. अकरा वर्षं या चावडीवर गरजणारी बाई त्या वीतभर कापडाआड मुकी झाली होती. भिजलेला घागरा सावरत ती घरी आली आणि कंकूच्या पाया पडली. कंकू घाबरून मागे सरली. नणंद भावजयीच्या पाया पडते, हे कुणी पाहिलं होतं?

रामसंगकाकांना ती म्हणाली, "काका, चुकलं माझं. नळ डेअरीच्या मागे घ्या. तिथे पुरुष बसत नाहीत."

काका बशीतला चहा फुरकत हसले. "तूच मागितलास, तूच बदलतेस? गुरुवारी इंजिनियर खूण करायला येतोय. वहूंना अडचण असेल तर वहूंनीच सांगावं त्याला." वहू बोलणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. आणि एकदा खड्डा खणला की नळ काही पुन्हा हलणार नव्हता.

रळियात पुन्हा घरोघर फिरली. या वेळी 'मी बोलते' म्हणाली नाही. "तुम्ही या," एवढंच म्हणाली.

गुरुवारी सतरा सुना आल्या. चावडीकडे पाठ करून, घुंघट ओढून, एकमेकींना चिकटून बसल्या. इंजिनियर पोरसवदा होता, हातात खूण करायच्या फक्कीची पिशवी. "बोला," तो म्हणाला.

घुंघट आणखी खाली ओढले गेले. म्हाताऱ्यांनी विड्या पेटवल्या. रळियातच्या जिभेवर सगळं तयार होतं. तिने दात आवळून धरले.

शेवटी घुंघटातून कंकू म्हणाली, "बेन, काकांना सांगा, नळ डेअरीमागे हवा."

रीत अशी, की आता रळियातने ते काकांना सांगायचं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती लिंबाकडे बघत बसली.

"बेन, सांगा ना," कंकू कुजबुजली.

रळियातने मान वळवली नाही. मग कंकू मोठ्याने बोलली, आणि या वेळी आधी 'बेन' म्हणाली नाही. "नळ डेअरीमागे हवा. इथे आम्हाला पाणी भरता येत नाही."

विड्या हातातच राहिल्या. रामसंगकाका नात्याने तिचे चुलत सासरे. त्यांनी रळियातकडे पाहिलं, इंजिनियरकडे पाहिलं, घसा साफ केला. "डेअरीमागे खडक आहे, वहू."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला सरळ उत्तर दिलं होतं.

"खडक आम्ही फोडू," कंकू म्हणाली. आणि मागून सोळा घुंघट एकदम बोलायला लागले. पहारी कुणाच्या घरी आहेत इथपासून नळाला तोट्या दोन हव्यात इथपर्यंत.

इंजिनियरने फक्कीची पिशवी बाजूला ठेवून वही काढली. "मागणी कुणाची लिहू? नाव सांगा."

"कंकू."

"पूर्ण नाव?"

कंकू अडली. पुढे नवऱ्याचं नाव होतं, आणि ते तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. तिने घुंघटातूनच मान वळवून नणंदेकडे पाहिलं.

रळियातच्या डोळ्यांना धार लागली होती. आईनंतर तिचं इतकं भलं कुणी केलं नव्हतं, जितकं या भावजयीने तोंडावर खरं सांगून केलं होतं. नाक पुसत ती म्हणाली, "जेसंग. लिहा. माझा भाऊ आहे तो."

तेवढंच ती त्या दिवशी चावडीवर बोलली.